वाघबारशीआधीचं गवत

गवत पिकायला लागलं की त्याचा वास बदलतो. भाद्रपदातला कच्चा, पाणचट वास जातो आणि उन्हात वाळत घातलेल्या गोधडीसारखा एक कोरडा, ऊबदार वास माळावरून घरात येतो. आमच्या भागात, म्हणजे मुरबाड आणि शहापूर तालुक्यांच्या शिवेवर, दिवाळीची चाहूल या वासानं लागते. फराळाचा वास त्याच्या मागून येतो.

आता माळ फार उरले नाहीत. कुंपणं घालून प्लॉट पाडलेत, त्यांवर मुंबईकरांची नावं आहेत. भातसानगरच्या बाजूला गेलं तर जिथं कमरेएवढं गवत होतं तिथं धरणाचं पाणी आहे. पण आमच्या गावामागच्या डोंगराची एक कड अजून मोकळी आहे. यंदाही तिथलं गवत पिवळं पडलं, वारा आला की एका अंगावर झुकू लागलं, आणि वाघबारशीला गावातल्या पोरांना पुन्हा ती गोष्ट सांगितली गेली. ‘वाघबारशीआधी गवताला इळा लावू नये. गोविंदानं लावला, त्याचा भाऊ डाक्टर होता होता ऱ्हायला.’

गोविंद माझा थोरला भाऊ. डॉक्टर होता होता राहिला तो भाऊ मी. गोष्ट खोटी आहे. ती खोटी आहे हे सांगू शकणारा आता मी एकटाच उरलो आहे, म्हणून लिहितो.

आमच्या गावाचा नियम असा होता. आश्विन वद्य द्वादशीला, वाघबारशीला, गुराखी रानाच्या कडेला वाघदेवाच्या दगडाला शेंदूर लावायचे, तिथंच चूल मांडून खीर शिजवायचे, आणि त्यानंतरच माळावरच्या गवताला विळा लागायचा. त्याआधी रान वाघाचं. खीर शिजेपर्यंत पोरांचा खेळ चालायचा. एक पोरगा वाघ व्हायचा, अंगाला राख आणि गेरू फासून गवतात लपायचा. बाकीचे त्याला हुडकून काढायचे आणि शेणाचे गोळे, पिकलेल्या काकड्या मारत पळवायचे. ‘येशील का आमच्या शिवारात?’ वाघ ओरडायचा, ‘नाय येनार! नाय येनार!’ मग सगळे हसत खिरीला बसायचे, वाघ सुद्धा.

वडील मी लहान असतानाच गेले. दादानं शाळा सोडली आणि मला शिकवलं. पन्नासच्या दशकाची ती सुरुवातीची वर्षं. मुंबईला डॉक्टरकीचा परवाना देणारा एक अभ्यासक्रम होता. शेवटची परीक्षा पास झालं की सरकारी नोंदवहीत नाव चढायचं आणि दवाखाना टाकता यायचा. गावापासून मुरबाडपर्यंत पायवाटेनं जावं लागे, आणि त्या वाटेवर एकही डॉक्टर नव्हता. दादानं पडवीच्या एका टोकाला कूड घालून खोली केली होती. वहिनी ती आठवड्याला सारवायची आणि आल्यागेल्याला सांगायची, ‘हितं आमच्या भाऊजींचा दवाखाना व्हनार.’ खोलीत तेव्हा कांदे ठेवलेले असायचे.

परीक्षेच्या आधी, गणपतीत, मी घरी आलो तो पैसे मागायला. म्हणालो, परीक्षेचं सामान घ्यायचं आहे. दादानं कसलं सामान ते विचारलं नाही. भात अजून हिरवं होतं, घरात विकण्यासारखं काही नव्हतं. आटगाव स्टेशनाजवळ गवताची वखार होती. तिथल्या व्यापाऱ्याला त्या साली मुंबईच्या तबेल्यांसाठी ओला चारा हवा होता. पितृपक्षात, पाऊस अजून अधूनमधून येत असताना, दादा एकटाच डोंगराच्या कडेला गेला आणि त्यानं विळा लावला. बैलगाडीत भारे रचून, चिखलातून, आटगावला नेऊन घातले. गाडीत न मावलेले भारे त्यानं घरामागं रचून ठेवले होते, ते आतून तापले, काळे पडले. मी मुंबईला निघालो त्या दिवशी त्या ढिगातून वाफ येत होती आणि आंबट, दारूसारखा वास सुटला होता. दादा ढीग उसकटत होता. म्हणाला, ‘जा बाला. मागं बगू नको.’

ते पैसे मी इस्पितळातल्या एका वॉर्डबॉयला दिले.

आमच्यात ही चाल होती. प्रात्यक्षिक परीक्षेत एकेका विद्यार्थ्यापुढं एकेक रोगी यायचा. त्याला तपासून रोग सांगायचा आणि परीक्षकाच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची. कुठल्या खाटेवर कुठला रोगी ठेवणार हे वॉर्डबॉयला आदल्या दिवशी कळत असे. पुष्कळ जण विचारून ठेवायचे. ज्यांना येत नव्हतं ते विचारायचे, आणि ज्यांना येत होतं पण भीती वाटायची तेही विचारायचे. मी दुसऱ्यांतला. माझे पेपर चांगले गेले होते. पण दादाचा तो तापलेला ढीग डोळ्यांपुढून हलत नव्हता. नापास होणं मला परवडणार नव्हतं, म्हणून मी खात्री विकत घेतली. वॉर्डबॉय म्हणाला, ‘खिडकीजवळची खाट, सायब. लिव्हर. डोळे झाकून लिव्हर बोला.’

सकाळी खाटेवर एक हडकुळा माणूस होता. पोट फुगलेलं, डोळ्यांत पिवळट झाक. मी त्याच्या अंगावरची चादर बाजूला केली, हात पोटावर ठेवल्यासारखा केला आणि काढून घेतला. उत्तर माहीत असताना हात कशाला चालेल? त्याच्याकडं नीट पाहिलंही नाही. परीक्षक आले. उंच, शांत गृहस्थ. मी घडाघडा यकृताच्या सुजेची कारणं सांगितली.

‘हात लावलात?’ त्यांनी विचारलं.

‘हो सर.’

‘बोटांना काय लागलं?’

‘यकृताची कड, सर. उजवीकडं.’

त्यांनी माझा हात धरला आणि रोग्याच्या डाव्या बरगडीखाली ठेवला. तिथं, कातडीच्या लगेच खाली, एक कठीण, गुळगुळीत कड होती, थेट बेंबीपर्यंत आलेली. पानथरी, म्हणजे प्लीहा. हिवतापानं सुजलेली पानथरी, जी आमच्या गावात निम्म्या पोरांच्या पोटात असायची, जी लहानपणी आम्ही एकमेकांच्या पोटात दाबून पाहायचो. आदल्या संध्याकाळी रोगी बदलला होता.

‘गाव कुठलं तुमचं?’

‘मुरबाडकडचं, सर.’

‘मुरबाडकडचे,’ ते म्हणाले, ‘आणि पानथरी ओळखत नाही?’ ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. खाटेवरचा माणूस हसला. मला वाटतं त्यालाही ठाऊक होतं त्याच्या पोटात काय आहे ते.

निकाल लागला तेव्हा माझा नंबर फळ्यावर नव्हता. कचेरीतल्या कारकुनाला दया आली. म्हणाला, ‘फार थोडक्यात गेलात हो. प्रात्यक्षिकात. परत बसा, व्हाल.’

माणूस सपशेल नापास झाला की प्रश्न उरत नाही. त्याला येत नव्हतं, संपलं. पण थोडक्यात नापास झालेल्या माणसाच्या त्या थोडक्याला कारण लागतं. काय आडवं आलं? कुणाची नजर लागली? लोक ती फट बुजवल्याशिवाय गप्प बसत नाहीत, आणि नापास झालेला माणूस तर मुळीच नाही.

मी घरी आलो ते वाघबारशीच्या तोंडावर. दादा अंगणात विळ्याला धार लावत होता. माझा चेहरा बघून त्याचा हात थांबला.

‘थोडक्यात गेलो, दादा.’

‘थोडक्यात म्हंजे किती?’ त्यानं अंगठा तर्जनीच्या शेवटच्या पेरावर ठेवला आणि हात पुढं केला. ‘येवडा?’

मी मान डोलावली.

संध्याकाळपर्यंत अंगणात माणसं जमली. बुधाजी म्हातारा आला. वाघदेवाला शेंदूर लावायचा मान त्याच्या घराण्याकडं होता. तो खाली बसला, तंबाखू चोळली, आणि म्हणाला, ‘थोडक्यात गेला ना? मंग बराबर हाय. मोटा कोप असता तं पोरगाच घेतला असता. वाघानं नुसता पंजा मारला.’

‘कशाबद्दल?’ कुणीतरी विचारलं, विचारायचं म्हणून.

‘गवात कवा कापला, त्ये इचारा गोविंदाला.’

सगळे दादाकडं बघू लागले. वहिनी दारात उभी होती, ती आत गेली. दादानं आपले तळवे वर केले आणि त्यांच्याकडं पाहत राहिला. गवताच्या पात्यांनी कापलेल्या बारीक रेघा होत्या त्यांवर, अजून पुरत्या भरल्या नव्हत्या. मग त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी शिकलेला होतो. वाघदेव, कोप, यातलं मी काही मानत नव्हतो, हे त्याला माहीत होतं. मी ‘छे’ म्हटलं असतं तर त्यानं ऐकलं असतं. तो त्या शब्दाचीच वाट पाहत होता.

मी म्हणालो, ‘पेपर तर सगळे चांगले गेले होते.’

वाक्य खरं होतं. त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. बुधाजीनं मांडीवर हात मारला. ‘आयकला? पेपर चांगले गेले व्हते!’

त्या वर्षीच्या वाघबारशीला वाघ व्हायला कुठलं पोर पुढं होण्याआधी दादा उठला. लग्न झालेला, मिशा असलेला बाप्या. त्यानं अंगाला राख फासली आणि गवतात जाऊन बसला. पोरं आधी हसली. नंतर कुणीतरी पहिला शेणाचा गोळा मारला आणि मग सगळ्यांनी मारले. दादा नेहमीच्या वाघासारखा पळाला नाही. तो सावकाश चालत होता. त्याच्या पाठीवर शेण थापलं जात होतं, काकड्या फुटत होत्या, आणि पोरं ओरडत होती, ‘येशील का? येशील का?’

‘नाय येनार,’ तो साध्या आवाजात म्हणत होता. ‘नाय येनार.’

खीर झाली तेव्हा त्यानं सगळ्यांना वाढली. स्वतः खाल्ली नाही. आणि दुसऱ्या दिवशी माळावर विळा लागला तेव्हा त्यानं डोंगराच्या कडेची एक पट्टी न कापता सोडली. तो तिला वाघाचा वाटा म्हणायचा. ती पट्टी उभीच वाळायची, शिमग्यापर्यंत पांढरी पडून आपोआप मोडायची. दरवर्षी वाघ तोच, पट्टी तीच. पुढं पुढं पोरं हौसेनं मारायची. गोविंदाकाकाला मारलेलं लागत नाही, अशी समजूत झाली होती.

मी परत परीक्षेला बसलो नाही. दादा सांगत राहिला, ‘बस बाला. आता देव शांत झालाय.’ तो जितकं सांगायचा तितका माझा पाय मागं यायचा. पुन्हा तीच खाट, तोच हात, तोच प्रश्न: बोटांना काय लागलं? शिवाय आता माझ्याजवळ एक तयार कारण होतं. भावानं नियम मोडला, माझं नशीब फिरलं. मी ते तोंडानं कधी म्हटलं नाही. म्हणायची गरजच नव्हती, सगळं गाव माझ्या वतीनं म्हणत होतं. दवाखान्याच्या खोलीत पुन्हा कांदे आले.

मला हिवताप निर्मूलनाच्या पथकात नोकरी मिळाली. काम असं होतं. गावोगावच्या शाळांत जायचं, पोरांना ओळीनं आडवं करायचं आणि प्रत्येकाची पानथरी चाचपायची. बरगडीखाली किती बोटं उतरली आहे ते मोठ्यानं सांगायचं. शेजारी बसलेला माणूस लिहून घ्यायचा. शहापूर, किन्हवली, मुरबाड, सिद्धगडाच्या पायथ्याच्या वाड्या. कुडाच्या भिंतींवर मारलेल्या औषधाचा उग्र वास, शाळेच्या ओसरीवर पसरलेली पोती, आणि त्यांवर ती उघडी पोटं, पेजेनं टम्म झालेली, उन्हानं कोमट. गवतातून आलेल्या पोरांच्या चड्ड्यांना कुसळं चिकटलेली असायची.

‘डाक्टर, गुदगुल्या व्हतात!’

‘हलू नको रे. श्वास घे.’

श्वासाबरोबर ती कड खाली सरकून बोटांना टेकायची. एक बोट. दोन बोटं. कधी अख्खा पंजा. दादानं दाखवलेलं ते पेर मला प्रत्येक पोटात सापडायचं. थोड्या वर्षांत माझा हात इतका तयार झाला की पोर आडवं होताना त्याच्या श्वासावरूनच मला कळायचं. आणि त्याचबरोबर पानथऱ्या कमी होत गेल्या. साठ साल उलटल्यावर अशी गावं लागू लागली की पोरांच्या अख्ख्या ओळीत बोटांना काही लागत नसे. साहेब खूश होते. मीही असायला हवा होतो. मऊ, निरोगी पोटांवरून हात फिरवताना मला त्या खाटेवरच्या माणसाचं हसू दिसायचं.

सगळे मला डॉक्टर म्हणत. मी दुरुस्त करायचो तर म्हणायचे, ‘झाल्यातच जमा की तुमी. पेराएवडा तं ऱ्हायला व्हता.’

दादाला मी सांगितलं. सांगितलं नाही असं नाही. साठच्या त्या दशकातलाच एक कार्तिक होता. दादाच्या कानशिलावर पांढरे केस आले होते. दुपारची वेळ, आम्ही दोघं कापलेल्या गवताच्या भाऱ्याला टेकून बसलो होतो. वहिनीनं दिलेली भाकरी आणि वाळलेल्या बोंबलाचं कालवण खाऊन झालं होतं. समोर त्याची ती न कापलेली पट्टी वाऱ्यावर हलत होती. तिच्यात तितरं बोलत होती.

‘दादा,’ मी म्हणालो, ‘मी त्या माणसाच्या पोटाला हातच लावला नव्हता. पैसे देऊन उत्तर घेतलं होतं. ते चुकीचं निघालं. तुझ्या गवतानं काही झालं नाही.’

तो हसला. ‘तू? आयेचा पोट दुखला की तूच हात फिरवीत बसायचास. अन् म्हने हात लावला नाय.’

‘खरं सांगतो.’

‘मना बरा वाटावा म्हनून बोलतोस.’

‘नाही दादा. शपथ.’

तो माझ्याकडं न बघता, त्या पट्टीकडं बघत, हळूच म्हणाला, ‘मंग येवडी वर्सं मी काय केला रे?’

त्याच्या पाठीवर फुटलेल्या काकड्या, न खाल्लेली खीर, दरसाल सोडलेलं गवत. ते विकलं असतं तर त्याच्या पोरांच्या अंगावर दिवाळीला नवे कपडे आले असते. माझं खरं मानलं तर या सगळ्याला काही अर्थच राहत नव्हता. नियम मोडल्याचं ओझं त्याला उचलता येत होतं, वर्षानुवर्षं उचलून त्याच्या खांद्याला त्याची सवय झाली होती. धाकट्या भावानं आपल्याला उगीच मार खाऊ दिला, हे मात्र त्याला उचलता आलं नसतं. हे मला त्याच्या आवाजात ऐकू आलं. निदान तेव्हा मला तसं वाटलं. आता वाटतं, मी पुन्हा घाबरलो.

‘बरं,’ मी म्हणालो. ‘खोटं बोललो. तुला बरं वाटावं म्हणून.’

‘मना म्हाईत व्हता,’ दादा म्हणाला आणि त्यानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. खरखरीत, जड हात. इतका निवांत चेहरा त्याचा मी फार दिवसांत पाहिला नव्हता.

अंगणातलं माझं वाक्य मी माफ करू शकतो. कोवळा होतो, लाज वाटत होती. या दुसऱ्या वाक्याला माझ्याजवळ काही नाही.

दादा गेला त्यालाही आता पुष्कळ काळ झाला. गेला त्या वर्षीही त्याला वाघ व्हायचं होतं. पायांत बळ नव्हतं, म्हणून त्याला दोघांनी धरून गवतात बसवलं होतं.

यंदाच्या वाघबारशीला मी मुद्दाम गावी गेलो. वाघाचा दगड आता सिमेंटच्या ओट्यावर आहे. वाघ झालेल्या पोरानं बाजारातला प्लास्टिकचा मुखवटा घातला होता. खीर शिजत असताना दादाचा मुलगा नामदेव, तोही आता आजोबा झाला आहे, पोरांना गोष्ट सांगू लागला. आपल्याच बापाची गोष्ट, कसलीही कटुता न ठेवता. ‘माज्या बापानं इळा लावला...’

मी उठून उभा राहिलो. काठी सापडत नव्हती, तसाच उभा राहिलो. ‘नामदेवा, थांब. तसं झालं नव्हतं.’ आणि मी सगळं सांगितलं. वॉर्डबॉय, खाट, पानथरी. पोरं चुळबुळ करत होती. पलीकडं चूल धूर करत होती.

नामदेवानं शेवटपर्यंत ऐकलं. मग त्यानं माझा दंड धरला आणि माझ्यासाठी आणलेल्या खुर्चीवर मला हलकेच बसवलं.

‘काका,’ तो म्हणाला, ‘बाबा मरताना सांगून गेलेत. बोलले, तुजा काका एक दिस असा बोलंल. सगला सोताच्या अंगावर घेल. तू मनावर नको घेऊ, त्याचा माज्यावर लय जीव हाय.’

आणि तो पोरांकडं वळला. ‘बगितला ना? भाऊ असावा तं असा.’

कुणीतरी माझ्या हातात खिरीची वाटी दिली. पहिली वाटी, मानाची. पोरं मुखवट्यावाल्या वाघाच्या मागं शेण घेऊन धावली. ‘येशील का? येशील का?’ त्यांच्या पलीकडं, डोंगराच्या कडेला, ती पट्टी उभी होती. नामदेव अजून तिला विळा लावत नाही. वाटी गरम होती. सगळे माझ्याकडं बघत होते, म्हणून मी खाल्ली.